मागापासून मारुतीपर्यंत

(मंडळाच्या गणेशोत्सवात सादर झालेल्या भाषणाचा मजकूर)



फळ्यावर ‘आजचा विषय : मारुती’ एवढंच लिहिलं गेलं, त्यामुळे काही मंडळी समर्थांच्या मारुतीबद्दल ऐकायला आली आहेत असं आत्ताच कळलं. त्यांची क्षमा मागून सांगतो, आमचा मारुती चार चाकांचा आहे आणि जन्माने निम्मा जपानी आहे. तरीही बसा. गोष्ट कापसाची आहे, म्हणजे आपल्या घरचीच आहे.

आम्ही म्हणजे मंडळातले आठ-नऊ गाडीवाले. कोणी शिक्षक, कोणी अडत्या, एक निवृत्त बँकवाले, दोघी भगिनी. श्रावणातले चार रविवार आम्ही एकत्र बसलो. प्रत्येकाने आपापल्या गाडीची गोष्ट सांगितली, दोघांनी कंपनीचा इतिहास वाचून काढला. वाचणारा एक असला तरी बोलणं सगळ्यांचं आहे.

बोलता बोलता लक्षात आलं की आमच्यात जवळजवळ प्रत्येकाची पहिली गाडी मारुतीच होती. 800, ओम्नी, नाहीतर अल्टो. हे असं का झालं, त्याचा शोध घ्यायला बसलो आणि पोचलो थेट जपानमधल्या हमामात्सु नावाच्या गावी.

हमामात्सु आणि त्याचा परिसर म्हणजे कापूस, सूत आणि माग यांचा मुलूख. आपल्याकडच्या इचलकरंजीसारखा समजा. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला तो 1904 साली. त्यानंतर पाच वर्षांनी, 1909 मध्ये, हमामात्सुत मिचिओ सुझुकी नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणाने माग बनवायचा कारखाना काढला. शेतकऱ्याचा मुलगा, सुतारकाम शिकलेला. पहिला माग त्याने आपल्या आईसाठी केला असं सांगतात. पुढे त्याने दोन धोट्यांचा माग केला. त्यामुळे पट्ट्यापट्ट्यांचं कापड विणणं सोपं झालं आणि त्या मागांना मागणी आली. दक्षिण-पूर्व आशियातले लोक कमरेला जो सारोंग गुंडाळतात, आपली लुंगीच म्हणा ना, ती विणणारे सुझुकीचे माग बाहेरदेशी जाऊ लागले. 1920 मध्ये त्याची रीतसर कंपनी झाली. तिच्या नावात मोटारीचा उल्लेखही नव्हता, फक्त माग होता.

त्याच भागातला दुसरा माणूस साकिची टोयोडा. तो सुताराचा मुलगा, तोही माग बनवणारा. धागा तुटला की आपोआप थांबणारा माग त्याने केला. 1929 साली त्या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने विकत घेतले. त्याचा मुलगा किइचिरो मोटारीकडे वळला आणि 1937 मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. म्हणजे आज आपल्या रस्त्यावर धावणारी वॅगन-आर असो की इनोव्हा, दोघींचं मूळ घर विणकराच्या अंगणात आहे. आमच्यातल्या अडत्या काकांना ही गोष्ट इतकी आवडली की ते म्हणाले, “म्हणजे आपण कापूस विकून कापूसवाल्याचीच गाडी घेतली म्हणायची!”

आता खरी कलाटणी ऐका. मिचिओ सुझुकींच्या मनात मोटार फार आधीपासून होती. 1937च्या सुमारास त्यांनी इंग्लंडची छोटी ऑस्टिन गाडी आणून, उघडून, तिचा अभ्यास केला आणि नमुन्याच्या गाड्या करायला घेतल्या. मग युद्ध आलं. मोटार बाजूला पडली. युद्धानंतर पुन्हा माग सुरू झाले, आणि 1951 साली कापसाचा बाजार कोसळला. कापसाचे भाव पडले की घरात काय होतं हे आदिलाबादच्या माणसाला कोणी शिकवायला नको. आपल्या मार्केट यार्डात बंड्यांच्या आणि ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात, भाव फुटत नाही, आणि शेतकरी रात्रभर कापसावरच झोपतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तिकडे मागाला गिऱ्हाईक उरलं नाही. मिचिओ तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. त्या वयात माणूस म्हणतो, पुरे झालं. त्यांनी सायकलला बसवायचं 36 सीसीचं छोटं इंजिन काढलं. 1952 साली ते ‘पॉवर फ्री’ या नावाने बाजारात आलं. इंजिन चालू ठेवा, किंवा बंद करून पेडल मारा, किंवा दोन्ही करा. 1954 मध्ये कंपनीचं नाव बदलून सुझुकी मोटर झालं आणि 1955 मध्ये सुझुलाइट ही पहिली चारचाकी आली. 360 सीसीची, पुढच्या चाकांना ताकद देणारी, चार माणसांची एवढीशी गाडी.

किर्लोस्करवाडीही साधारण त्याच काळातली, 1910ची. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून लोखंडी नांगरापर्यंत पोचलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण आम्हाला पदोपदी येत होती. मग इचलकरंजीतून मोटार का निघाली नाही, यावर आमचा एक अख्खा रविवार गेला. इंग्रजांचं राज्य, परवाने, भांडवल, सगळं निघालं. निकाल लागला नाही, चहा मात्र तीनदा झाला.

सुझुकीच्या घराण्यात एक गंमत आहे, ती भगिनींनी मुद्दाम सांगायला लावली. तिथे कारभार जावयांकडे गेला. ओसामू मात्सुदा नावाचा बँकेत नोकरी करणारा तरुण सुझुकी घराण्याचा जावई झाला, सासरचं आडनाव लावलं, 1958 मध्ये कंपनीत आला आणि 1978 मध्ये अध्यक्ष झाला. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक गालातल्या गालात हसतात. या घरजावयाने चाळीस वर्षांहून अधिक काळ कंपनी सांभाळली आणि आपल्या देशातली रस्त्यावरची गर्दी बदलून टाकली.

ओसामू यांचं एक सूत्र कारखान्यात सांगितलं जाई. पाच जपानी अक्षरांचं. मराठीत आणायचं तर लहान, कमी, हलकं, आखूड आणि सुंदर. पत्रा कमी, वजन कमी, यंत्राची वाट आखूड, खर्च थोडा. आमच्यातल्या एका आजी म्हणाल्या, हे तर माझ्या सासूबाईंचं स्वयंपाकघर झालं. एक काडी पेटवली तर तिच्यावर चूल, दिवा आणि उदबत्ती तिन्ही पेटलं पाहिजे. आम्हाला वाटतं, सुझुकीचं मर्म यापेक्षा चांगलं कोणी सांगितलेलं नाही.

हिंदुस्थानातला भाग आपल्याला थोडाफार ठाऊक आहे. रस्त्यावर अँबेसेडर होती आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, तीच पुढे पद्मिनी झाली. 1971 मध्ये संजय गांधींची मारुती कंपनी निघाली आणि बुडाली. 1981 मध्ये सरकारने मारुती उद्योग काढला. व्ही. कृष्णमूर्ती आणि आर. सी. भार्गव जोडीदार शोधत जगभर फिरले. मोठ्या कंपन्यांनी फारसा उत्साह दाखवला नाही. लहान सुझुकीने दाखवला. 2 ऑक्टोबर 1982, गांधी जयंतीच्या दिवशी, करार झाला. चरखेवाल्याच्या जयंतीला मागवाल्याशी सोयरीक! आणि त्याच महिन्याच्या 27 तारखेला, पंचाण्णव वर्षांचे होऊन, मिचिओ सुझुकी वारले.

14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीच्या एका विमान कर्मचाऱ्याला दिली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. त्या गृहस्थांनी ती गाडी आयुष्यभर विकली नाही. आज ती कंपनीने दुरुस्त करून जपून ठेवली आहे. नोंदणीला दहा हजार रुपये आगाऊ भरायचे होते, तरी लाखाहून जास्त लोकांनी भरले. आपल्या गावात तेव्हा चारचाकी कोणाकडे? डॉक्टर, जिनिंगवाले, दोन-चार कंत्राटदार. बाकी सगळ्यांना बस, नाहीतर दाटीवाटीची जीप.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या गावाची अडचण अशी, की राज्य एकीकडचं आणि सोयरीक दुसरीकडची. 1956 साली राज्यं भाषेवर बेतली गेली तेव्हा आपल्याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा पलीकडे गेले, आपण अलीकडे राहिलो. मधे पैनगंगा. हैदराबाद तीनशे किलोमीटर, नागपूर दोनशे. माहेर वणीला किंवा पांढरकवड्याला, मुलगी यवतमाळात, कुलदैवत माहूरला आणि मोठं दुखणं निघालं तर सेवाग्राम किंवा नागपूर. रिम्सचं कॉलेज आपल्याकडे 2008 साली झालं. त्याआधीचे दिवस ज्यांनी काढले त्यांना रात्री अकरानंतर छातीत दुखणं म्हणजे काय ते माहीत आहे.

आमच्यातल्या एका घरात 1994 साली ओम्नी आली. मागची सीट काढली की ती आडव्या माणसाला पुरते, हा शोध गल्लीतल्या सगळ्यांना लगेच लागला. त्या घरातल्या दादांनी सांगितलं, “गाडी आमची होती, पण किल्ली गल्लीची होती.” नवरदेव, गौरीचे मुखवटे, बियाण्याच्या पिशव्या, शाळेची पोरं, सगळं त्या डब्यातून गेलं. सेवाग्रामला रात्री किती फेऱ्या झाल्या त्याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही. पण दोन त्यांना आठवतात. एका फेरीत बाळंतीण होती. हिंगणघाटच्या पुढे बाळाने वाट पाहिली नाही. ती मुलगी आज इंजिनिअर आहे आणि गेल्या आठवड्यात आपल्या आरतीला होती, नाव सांगत नाही, लाजेल. दुसऱ्या फेरीत शेजारचे गुरुजी होते. पांढरकवडा ओलांडल्यावर त्यांनी पाणी मागितलं, ते पाजलं, आणि वडनेर यायच्या आत सगळं संपलं. दादा म्हणाले, गाडी वळवून परत आणताना वाटेत एकही शब्द कोणी बोललं नाही, आणि घरी पोचल्यावर गुरुजींच्या मंडळींनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की “त्यांना त्रास फार झाला का रे?” गाडी होती म्हणून निदान निघता आलं, एवढंच ते म्हणत राहिले.

ही गाडी हलकी होती, त्याचा फायदा आपल्या काळ्या मातीत कळतो. बेला, जैनथ भागातल्या शेतरस्त्यांवर पहिला पाऊस पडला की चाकाला मातीचे लाडू चिकटतात. आमच्यातल्या एकाची 800 शेताच्या बांधाजवळ रुतली तेव्हा ट्रॅक्टर शोधायची वेळ आली नाही. कापूस वेचायला निघालेले चार जण आले, दोघे पुढून, दोघे मागून, आणि गाडी उचलून बाजूला ठेवली. सहा-साडेसहाशे किलोची गाडी. अँबेसेडर असती तर ती अजून तिथेच असती आणि तिच्यावर वेल चढले असते.

दुरुस्तीही तशीच. 796 सीसी, तीन सिलिंडर. आमच्या रस्त्यावरच्या मिस्त्रींचं वाक्य आम्हाला पाठ आहे, “इसमें क्या है साब, तीन प्लग, एक बेल्ट, बाकी अल्ला मालिक.” ते तेलुगू बोलतात, हिशेब उर्दूत करतात आणि आम्हाला शिव्या मराठीत देतात. इच्चोडा असो की उटनूर, पार्ट मिळत असे. याउलट, आमच्यातल्या एकाने हौसेने एक परदेशी बनावटीची मोठी गाडी घेतली होती. नाव घेत नाही. तिचा एक लहानसा सेन्सर मोठ्या शहरातून यायला सतरा दिवस लागले आणि ते सतरा दिवस ती दारात झाकून ठेवलेल्या पाहुण्यासारखी उभी राहिली. शेजारी सहानुभूती दाखवून जात, तेच जास्त लागे.

आमच्यातल्या एक ताई शिक्षिका. यजमान गेल्यावर बावन्नाव्या वर्षी वॅगन-आर शिकल्या. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत देतो : “गाडी उंच होती, पुढचं दिसत होतं, गुडघे दुखत नव्हते. पहिल्यांदा एकटी माहूरला गेले तेव्हा गड चढायच्या आधी गाडीतच बसून पाच मिनिटं रडले. मग चहा प्यायले आणि वर गेले.”

जंगलाच्या वाटेला जिप्सी. 1985 सालची ही गाडी सुझुकीच्या जिम्नीची बहीण. ताडोब्याला सफारीला गेलेल्या प्रत्येकाने तिच्या मागच्या बाकावर हाडं खिळखिळी करून घेतली आहेत. तिच्याबद्दल इतकंच.

इथपर्यंत कौतुक झालं. पण चौथ्या रविवारी आमच्यात वाद झाला, आणि तो सांगितला नाही तर हे भाषण अर्धवट राहील.

हलकेपणाची दुसरी बाजू आहे. 2014 साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने हिंदुस्थानी गाड्या ताशी 64 किलोमीटरने आदळवून पाहिल्या. अल्टो 800ला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्याच वर्षी स्विफ्टलाही शून्य. एकट्या सुझुकीचं नव्हतं, इतर कंपन्यांच्या लहान गाड्याही शून्यावरच होत्या. आमच्यातले बँकवाले काका म्हणाले, या गाड्या ज्या रस्त्यांसाठी केल्या तो रस्ता कुठे होता? तेव्हाचा सात नंबरचा हायवे, दुपदरी, खड्ड्यांचा. निर्मळच्या घाटात ट्रकच्या मागे लागलं की वेग वीसचा. आज तोच 44 नंबरचा चौपदरी आहे, आणि अठरा वर्षांची पोरं त्याच हलक्या गाड्या शंभरच्या वर पळवतात. रस्ता बदलला, गाडी तीच.

यावर दादा चिडले. ते म्हणाले, पाच तारे मिळाले असते तर किंमतही वाढली असती, आणि मग ती ओम्नी आपल्या गल्लीत आलीच नसती. ती आली नसती तर किती जण गेले असते, त्याचे तारे कोण मोजणार? दोघांचंही खरं आहे असं आम्हाला वाटतं. पण ते 1994चं खरं आणि हे आजचं खरं. आता नियम बदलले आहेत, पुढच्या दोन्ही एअरबॅग सक्तीच्या झाल्या, आणि 2024 मध्ये त्याच कंपनीच्या नव्या डिझायरला त्याच संस्थेने पाच तारे दिले. म्हणजे करता येत होतं. गिऱ्हाइकाने मागितलं आणि सरकारने सांगितलं तेव्हा केलं. इथे आम्ही कंपनीला सूट द्यायला तयार नाही.

आणि स्वतःलाही नाही. पाच जणांच्या गाडीत आठ जण, मांडीवर पोर पुढच्या सीटवर, मागचे पट्टे गादीखाली दडपलेले, हे आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी आहे. 2022च्या सप्टेंबरात पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. गाडी जगातली उत्तमांपैकी होती. मागे बसलेल्यांनी पट्टा लावला नव्हता.

राहिला प्रश्न जुन्या गाड्यांचा, कारण सर्वांत जास्त विचारणा त्याचीच झाली. आपल्या काही अंगणांत एपी 01, टीएस 01 आणि टीजी 01 अशा तीन पाट्यांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. राज्य एकदा बदललं, अक्षरं दोनदा, घर तेच. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून मिळते. 1 एप्रिल 2022 पासून त्याचं शुल्क बरंच वाढलं आहे. सरसकट बंदी आपल्याकडे नाही, त्यामुळे घाबरून कवडीमोलाने विकू नका. पण गाडीचा तळ गंजला असेल तर मोहही धरू नका. जावयाची एमएच 29ची गाडी इथे कायमची वापरणार असाल तर बारा महिन्यांच्या आत इकडची नोंदणी करून घ्या. तिकडचा ना-हरकत दाखला आधी आणा. हे काम दलालाशिवाय होतं, आमच्यातल्या दोघांनी केलं आहे. फक्त झेरॉक्स भरपूर न्या.

ओसामू सुझुकी 25 डिसेंबर 2024 रोजी, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन वारले. आपल्या सरकारने त्यांना 2007 मध्ये पद्मभूषण दिलं होतं, मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. मिचिओ 800 बघायला राहिले नाहीत. ओसामूंनी मात्र 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलेलंही पाहिलं. तोवर हिंदुस्थानात पंचवीस लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या होत्या.

त्यांतली एक, 1996ची, पांढरी, मांडवाबाहेर लिंबाखाली उभी आहे. आरती झाली की बॉनेट उघडून बालमित्रांना तीन प्लग दाखवणार आहोत. हात लावायचा नाही, गरम असेल. आणि ज्यांच्या गाडीतले मागचे पट्टे गादीखाली गेले आहेत त्यांनी गाडी तिथेच आणावी. आमच्यातले दोघे पाना घेऊन थांबले आहेत, एका गाडीला दहा मिनिटं लागतात. प्रसाद तोवर मिळेल, आज मोदक शंभरच आहेत असं स्वयंपाकघरातून सांगितलं आहे.

गणपती बाप्पा मोरया!